क्विल्टेड जॅकेटच्या कडेला गोट कशाचा लावू?

कच्चा_टाका

मंडळी, जॅकेट शिवून होत आलंय आणि कडांना गोट (कडेला कवेत घेणारी कापडी पट्टी) लावण्यापाशी गाडी अडलीय. हौशी शिवणारा आहे, मशीन साधं घरगुती आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

जॅकेट बिनकॉलरचं, पुढून उघडं, बटणं नाहीत. बाहेरून इंडिगो रंगाचं हातमागाचं सुती, मधे कॉटन बॅटिंगचा (रजईत घालतात तशा सुती भरावाचा) पातळ थर, आतून क्रीम रंगावर बारीक विटकरी फुलं असलेलं मऊ सुती. तिन्ही थर एकत्र धरून दोन-दोन बोटांवर उभ्या टिपा मारल्यात. वेगळं अस्तर नाही, त्यामुळे आतली बाजूही दिसणारच. खांदे, बाजू, बाह्या जोडून झाल्या. गळा, पुढच्या दोन्ही कडा, खालचा घेर आणि बाह्यांची तोंडं अजून उघडी आहेत. पुढचे खालचे कोपरे गोल ठेवलेत. बाह्या मुद्दाम लांब, कारण त्या दुमडून वर घ्यायच्यात. दोन पॅच खिसे लावायचे बाकी आहेत.

टेपने मोजलं तर सगळी कड मिळून ४ मीटर २० सेंटीमीटर भरते. बोटांनी दाबून धरली तर कडेची जाडी ३ मिलिमीटर.

हाताशी असलेलं सामान: काळी तयार तिरकी पट्टी (विणीला ४५ अंशात कापलेली), पॉलिकॉटनची (पॉलिएस्टर आणि सुताच्या मिश्रणाची), घडी घातल्यावर १२ मिलिमीटर रुंद. मरून सॅटिनचा उरलेला तुकडा. अडीच सेंटीमीटर रुंदीची विणलेली लेस, भरतकाम केल्यासारखी, दिसायला फार सुरेख पण जरा ताठ. आणि आतल्या फुलांच्या कापडाचा अर्धा मीटर, पन्हा ११० सेंटीमीटर.

यातलं काय लावू, आणि रुंदी किती ठेवू? पट्टी सगळीकडे तिरकीच कापायला हवी का? जॅकेट रोजच्या वापराचं आहे, मशीनमध्येच धुतलं जाईल.

निळी_रीळ

निळ्यावर मरून सॅटिन! विचारायचं काय त्यात? कडेला ती चमक आली की साधं जॅकेट एकदम उठून दिसतं. मी तर डोळे मिटून तेच लावलं असतं.

तिरकी_पट्टी

डोळे मिटून सॅटिन लावता येत नाही हो, डोळे उघडे ठेवूनही ते हातातून निसटतं. पण सॅटिनचं नंतर. आधी एक तातडीचं विचारते: कापताना कडेला माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) सोडली होती का? दीड सेंटीमीटर सोडली असेल आणि गोट लावायचा असेल, तर ती माया कापून टाकायला हवी. गोटात कड आत वळत नाही, गोटच कडेला कवेत घेतो. माया तशीच राहिली तर गळा दीड सेंटीमीटर वर चढून मानेला घासेल, आणि पुढचे दोन भाग मिळून तीन सेंटीमीटर जास्तीचे पुढे येतील. मात्र लगेच कात्री उचलू नका. नवी कड चॉकने आखा, तिच्या आत अर्ध्या सेंटीमीटरवर मोठ्या टाक्याची टीप सगळीकडून फिरवा आणि मगच कापा. नाहीतर तुमच्या उभ्या टिपांची टोकं उसवू लागतील आणि तीन थर तीन दिशांना पळतील.

आता कापडाची निवड. बहुतेक जण रंगापासून सुरुवात करतात, मी कडेपासून करते. कड कुठे वळते, कशाला घासते, किती जाड आहे, धुतली कशी जाणार? एवढं विचारलं की तुमच्या चारातल्या तीन गोष्टी आपोआप गळतात.

तयार पट्टी पातळ कापडासाठी बनवलेली असते. १२ मिलिमीटरची पट्टी पूर्ण उघडली तर ४८ मिलिमीटर. ३ मिलिमीटर जाडीला वळसा घालून ती मागे जाते तेव्हा टिपेच्या रेषेपर्यंत पोचताना तिची दमछाक होते. ओढून पोचवली तर कड गुंडाळल्यासारखी दिसते. शिवाय ती पॉलिकॉटन. हातमागाचं कापड पहिल्या काही धुण्यांत अजून थोडं आटेल, पट्टी आटणार नाही, आणि गोटाला लाटा येतील. उलटंही होतं: सुती पट्टी न धुता लावली तर ती आटते आणि कड आत ओढते. म्हणून जे लावाल ते आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा.

सॅटिनचे धागे विणीत लांबवर मोकळे पडलेले असतात, त्याची चमक त्यातूनच येते. तेच मोकळे धागे नखात, वेल्क्रोत, पिशवीच्या बक्कलमध्ये अडकतात. रोज घालायच्या जॅकेटच्या बाहीला सॅटिन म्हणजे थोड्याच दिवसांत कडेवर लव. कधी समारंभाचं काही शिवाल तेव्हा जरूर लावा, खळ घालून कडक इस्त्री करून मग कापा. इथे नको.

ताठ लेस गोल कोपऱ्यावर वळणार नाही. त्याबद्दल दुसरं कोणी नीट सांगेल, मला लेसांचं प्रेम कमी आहे.

राहिलं फुलांचं कापड. मऊ आहे, सुती आहे, आतल्या बाजूशी जुळतं. मी हेच घेईन. अर्धा मीटर पुरेल का? तयार गोट १.२ सेंटीमीटर दिसायला हवा असेल तर त्याची चौपट ४.८, वर जाडीसाठी आणि तिरकं कापड ओढलं की अरुंद होतं म्हणून ०.७, म्हणजे साडेपाच सेंटीमीटरची पट्टी. ५० बाय ११० च्या तुकड्यातून ४५ अंशात कापल्यावर पूर्ण लांबीच्या, साधारण ७० सेंटीमीटरच्या, सात पट्ट्या निघतील. टोकं आपसूक तिरकी येतात, ती तशीच एकमेकींना जोडून जोड उघडा दाबा, म्हणजे जोडाची माया दोन बाजूंना पसरवून इस्त्री करा. पावणेपाच मीटर झाले. कोपऱ्यांतले आखूड तुकडे बाह्यांना. दुहेरी गोट (पट्टी आधी लांबीत दुमडून लावलेला) करायचा मोह झाला तर त्याला रुंदीच्या सहापट आणि वर थोडं, म्हणजे ८ सेंटीमीटरची पट्टी लागेल, आणि अर्ध्या मीटरात ओढाताण होईल. तीन थरांवर दुहेरी गोट तसाही जड होतो.

एक अट आहे मात्र. इंडिगो घासला की रंग सोडतो. पांढरा रुमाल ओला करून निळ्या कापडावर मिनिटभर घासा आणि बघा. मग कोरडा रुमाल घासूनही बघा. कोरड्यालाही निळं लागलं तर क्रीम गोटाचा विचार सोडायचा.

चौकट_रजई

बाकी सगळं पटलं, पण सगळीकडे तिरकी पट्टी कशाला? मी रजया शिवतो आणि सरळ कडेला सरळ कापलेलीच पट्टी लावतो. कापड कमी लागतं, हातात ताणत नाही, कड एकदम शांत बसते. जॅकेटच्या पुढच्या कडा तर काठीसारख्या सरळ आहेत. तिरकी पट्टी नवशिक्याच्या हातात नकळत ओढली जाते आणि पुढची कड खालून आत वळू लागते. असं जॅकेट अंगावर कायम रुसल्यासारखं दिसतं.

गळा आणि गोल कोपरा एवढंच तिरकं करा, बाकी सरळ.

तिरकी_पट्टी

चौकट, रजईचा कोपरा काटकोनात असतो, तिथे पट्टी दुमडून वळवता येते. यांचे कोपरे गोल आहेत. सरळ पट्टी गोलावर गेली की आतल्या बाजूला चुण्या पडणार. मधेच सरळ आणि मधेच तिरकी करायची तर गळ्यापाशी दोन आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी दोन असे जास्तीचे जोड येतील, तेही नेमके पुढे.

दुसरं म्हणजे झीज. सरळ पट्टीत गोटाच्या अगदी धारेवर एक-दोन धागेच लांबीभर धावतात. सगळं घासणं त्यांच्यावर येतं, ते तुटले की धार उघडी. तिरक्या पट्टीत धारेवरून असंख्य धागे आडवे ओलांडून जातात, एखादा झिजला तरी शेजारचे सांभाळतात. तुमच्या रजयांच्या कडा आधी धारेवरच विरतात की नाही?

ओढण्याचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. त्यावर माझा उपाय असा की सरळ भागात पट्टी हातात धरायचीच नाही. टेबलावर जॅकेट सपाट पसरायचं, पट्टी त्यावर नुसती ठेवायची, टाचण्या जवळजवळ लावायच्या किंवा कच्चा दोरा घालायचा, मग मशीनवर न्यायचं. गळ्याला पट्टी किंचित ताणून लावायची, कारण तिथे गोटाची धार टिपेपेक्षा आखूड असते, सैल ठेवली तर ती उभी राहते. गोल कोपऱ्याला बरोबर उलट, धार टिपेपेक्षा लांब, म्हणून पट्टीला ढील द्यायची. कोपऱ्याची गोलाई फार चिमुकली असेल तर मोठी करा. दोन्हीकडे एकच बशी उपडी ठेवून आखा म्हणजे डावं-उजवं सारखं येईल.

खिशांच्या तोंडाला मात्र सरळ पट्टीच. तिथे तिरकी लावली तर हात घालून घालून खिसा तोंड वासून बसतो.

चौकट_रजई

धारेवरच विरतात, कबूल. पण काटकोनाची बाजू मी सोडणार नाही. खिशांवर तरी आपलं एकमत झालं.

झालर

लेसेबद्दल मी सांगते, कारण मला लेसांचं प्रेम भरपूर आहे.

कुठलीही पट्टी किंवा लेस वळेल का हे दुकानात किंवा घरी एका मिनिटात कळतं. टेबलावर तुमच्या कोपऱ्याएवढं वळण खडूने काढा, लेस त्यावर आडवी ठेवून बोटाने दाबत न्या. आतली धार टेबलावरून उठली तर ती तिथे बसणार नाही, इस्त्रीने दामटलीत तरी धुतल्यावर परत उठेल. विणलेल्या लेसेत लांबीचे धागे सरळ आणि घट्ट असतात, ते आखूड होऊ शकत नाहीत. गोफासारख्या गुंफलेल्या पट्टीत धागे मुळातच तिरके असतात, म्हणून ती वेलीसारखी कुठेही वळते. नागमोडी लेसही वळते. ग्रोसग्रेन (आडव्या रेघांची जाडसर रिबन) सरळ धारेची असेल तर वळत नाही, तिच्यासारखीच दिसणारी पीटरशॅम मात्र वाफेच्या इस्त्रीने हळूहळू गोल करता येते, टोप्यांना आतून तीच लावतात.

तुमची लेस फुकट घालवायची नसेल तर तिला कड बनवू नका. गोट लावण्याआधी लेस पुढच्या सरळ भागावर, गोट येईल तिथून बोटभर आत, नुसती ठेवून बघा. वरचं टोक गोटाखाली सरकवावं लागेल, म्हणून ते गोट शिवण्याआधीच ठरवा. खालचं टोक कोपऱ्याचं वळण सुरू होण्याआधी खिशाच्या खाली दडवता येतं, खिसे अजून लावले नाहीत हे बरंच आहे. किंवा लेस फक्त खिशांवर. शनेल या फ्रेंच फॅशन कंपनीच्या प्रसिद्ध जॅकेटांतही पुढची कड आणि खिशाची वरची धार असं एकाच पट्टीनं बांधलेलं असतं, त्यामुळे खिसा चिकटवल्यासारखा वाटत नाही. (त्या जॅकेटांच्या घेराला आतून बारीक धातूची साखळी शिवलेली असते, कड खाली नीट लोंबावी म्हणून. तुमच्या तीन थरांना त्याची गरज नाही, पण मला ती साखळी फार आवडते म्हणून सांगितलं.)

कच्चा_टाका

सगळ्यांचे मनापासून आभार. माया दीड सेंटीमीटर सोडलेली होती, आखली, टीप फिरवली आणि कापली. गळा लगेच सुटसुटीत वाटायला लागला.

रुमालाची परीक्षा केली. ओल्या रुमालाला चांगलाच निळा डाग, कोरड्याला फिकट पण स्पष्ट. म्हणजे क्रीम गेलं? मला तर ते फुलांचं कापड कडेला फार बघायचं होतं.

घरात एक जुना शर्ट आहे, साधा सुती, फुलांच्याच विटकरी रंगाचा. कॉलर विरली म्हणून घालत नाही. त्याची पट्टी चालेल का? की जुनं कापड गोटाला वापरूच नये? आणि बाह्या दुमडल्यावर गोटाची मागची बाजू दिसेल, त्याचं काय करू?

निळी_रीळ

विटकरी! सॅटिनचा हट्ट मागे घेते.

तिरकी_पट्टी

कोरड्याला लागतंय तर क्रीम गेलंच. गोट निळ्याला चोवीस तास चिकटून बसणार, गळ्यापाशी घामही येणार. काही महिन्यांत त्या क्रीमचा रंग धुतलेल्या पाटीसारखा होईल. फुलांच्या कापडाचा हट्टच असेल तर खिशांना आतून अस्तर करा, हात घालताना दिसेल.

शर्टाची कल्पना उत्तम आहे. इतक्यांदा धुतलेलं कापड आता आटणार नाही, रंग सोडायचा तो सोडून झाला, आणि विटकरीवर थोडा निळा उतरला तरी कोणाला कळत नाही. जुनं कापड वापरू नये असं नाही, विरलेलं वापरू नये. शर्टाची पाठ घ्या, तिथे झीज सगळ्यात कमी. उजेडासमोर धरा. सगळीकडे वीण सारखी दिसली पाहिजे, कुठे चाळणीसारखं फटफटीत दिसलं तर तो भाग सोडा. मग दोन्ही अंगठ्यांनी धरून तिरकं जोरात ताणा. करकर आवाज आला किंवा धागे सरकून फट पडली तर शर्ट फरशी पुसायला ठेवा. पाठ साधारण ६० बाय ७० निघाली तर साडेपाचच्या पट्ट्या तुम्हाला पुरून उरतात, जोड थोडे जास्त येतील इतकंच.

बाह्यांना क्रम उलटा करा. अंगाला पहिली टीप बाहेरच्या, सुलट बाजूने मारायची, गोट आत वळवून आतून हाताने तुरपायचा. बाह्यांना पहिली टीप आतल्या बाजूने मारा आणि गोट बाहेर वळवून तिथे तुरपा. दुमडून वर घेतलीत की मशीनची सरळ रेषा असलेली बाजू समोर येते. तुरपताना सुई फक्त वरच्या कापडात आणि बॅटिंगमध्ये जाऊ द्या, पलीकडे टाका दिसता कामा नये. टाके अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब नकोत, ही कड धुण्यात रगडली जाणार आहे.

मशीनला ९० नंबरची सुई, टाका ३ मिलिमीटर. वॉकिंग फूट (वरचा थरही खालच्यासोबत पुढे नेणारा मशीनचा पाय) असेल तर लावा, नसेल आणि मशीनवर दाब कमी करायचा स्क्रू असेल तर दाब कमी करा, म्हणजे वरचा थर पुढे सरकत नाही. खांद्याच्या आणि बाजूच्या शिवणीवर जाडी दुप्पट होते. तिथे मशीन अडखळायच्या आधीच शिवण कापडात गुंडाळून हातोडीने दोन-चार दणके द्या. हसू नका, जाड शिवण त्यानेच चपटी बसते. तिथून हँडव्हील हाताने फिरवत जा.

झालर

आणि विटकरी गोटासोबत ती लेस आता नको, दोन्ही भांडतील. लेस पुढच्या जॅकेटला.

कच्चा_टाका

शर्टाची पाठ ताणून बघितली, तक्रार नाही. पट्ट्या कापल्या. उरलेल्या तिन्ही थरांचा एक वीतभर तुकडा घेऊन त्याची एक बाजू सरळ, एक गोल करून नमुना शिवला. सरळ बाजू बरी वाटतेय. गोल बाजूला ढील दिली, पण आतून एक बारीक चुणी दिसते. इस्त्रीने जाईल का?

तिरकी_पट्टी

आतून एक बारीक चुणी तुरपताना सुईच्या टोकाने पसरवता येते. दोनपेक्षा जास्त असतील तर ढील जास्त झाली. नमुना जॅकेटसारखाच मशीनमध्ये धुवा, वाळल्यावर सपाट ठेवून बघा, हातात धरून नको, हातात सगळंच वळतं. सरळ बाजू टेबलाला चिकटून बसली तर जॅकेटला हात घाला.

गोटाची सुरुवात पुढून किंवा मानेमागे करू नका. डाव्या बाजूच्या शिवणीच्या थोडं मागे, खालच्या घेरावर करा. सुरुवातीचे दहा-बारा सेंटीमीटर न शिवता मोकळे सोडा, शेवटी दोन्ही टोकं तिथे तिरकी जोडून, जोड उघडा दाबून मग उरलेली टीप पुरी करा. शिवणीच्या अगदी वरच जोड आणू नका, तिथे जाडीवर जाडी चढते.

चौकट_रजई

आणि टोकं जोडायच्या आधी पट्टीला पीळ पडला नाही ना ते बघा. जोडल्यावर कळून उपयोग नसतो.